मदत हवी आहे: आठवीला जालियनवाला बाग शिकवताना आकड्यांचा पेच

नमस्कार. ठाण्यातल्या आठवीच्या वर्गासाठी दोन तासिका आखतोय. नाटुकलं नको: गोळीबाराचं सोंग आणलं की मागच्या बाकांवर हसू फुटतं, आणि मेलेल्यांची विटंबना होते. रक्तबंबाळ चित्रंही नकोत. मुलांना चित्र आठवतं, कारणं नाही.

पहिल्या तासिकेत रौलट कायदा (खटल्याशिवाय तुरुंगात डांबू देणारा), १० एप्रिल १९१९ ची किचलू-सत्यपाल या अमृतसरच्या नेत्यांची अटक आणि बागेचा नकाशा. अरुंद बोळ प्रत्येकाने स्वतः काढायचा. चिलखती गाड्या बाहेर का राहिल्या, लोकांना पळता का आलं नाही, हे तिथेच उमगतं. दुसऱ्या तासिकेत फळ्यावर मृतांचे दोन आकडे: सरकारी ३७९, काँग्रेसच्या चौकशीचा सुमारे १,०००. कोणी मोजलं, कसं मोजलं?

घोडं इथेच अडतं. चर्चा लांबली की मुलं 'खरं कुणालाच माहीत नाही' इथे येऊन थांबतात, आणि ते मला अजिबात चालणार नाही. सरकारने नेमलेल्या हंटर चौकशी समितीपुढची, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल डायरची जबानी सोप्या मराठीत, अर्ध्या पानात, कुणाकडे आहे का? शेवटच्या दहा मिनिटांत मौन पाळावं की मृतांची नावं वाचावीत? ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षकांनी वर्गात करून पाहिलेलं कृपया सांगा.