एसएसएटी: ऑक्टोबरचा रिपोर्ट पाठवू की डिसेंबरचा?

सईची_आई:
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. नववीसाठी मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमधल्या पाच प्रायव्हेट शाळांना अर्ज करतोय, शेवटची तारीख १५ जानेवारी. तिने अपर लेव्हलची (मोठ्या इयत्तांसाठीची) एसएसएटी, म्हणजे अशा शाळांची प्रवेश परीक्षा, दोनदा दिली आणि मी रोज रात्री दोन्ही रिपोर्ट समोर घेऊन बसते.

ऑक्टोबर: व्हर्बल (शब्दांचे प्रश्न) ८८ पर्सेंटाइल, रीडिंग ७९, गणित ६१.
डिसेंबर: व्हर्बल ७४, रीडिंग ७८, गणित ८०.

एकाचं व्हर्बल आणि दुसऱ्याचं गणित असं जोडून पाठवता येत नाही, त्या तारखेचा अख्खा रिपोर्टच जातो. नवरा म्हणतो डिसेंबरचा पाठव. मला व्हर्बलची घसरण खुपते. पोरगी दिवसरात्र पुस्तकांत असते हो. आणि तो ६१ बघून ती दोन दिवस धड जेवली नव्हती. काय करू?

मंदार_बी:
ताई, आधी त्या ६१ चं ओझं उतरवा. हा पर्सेंटाइल देशभरातल्या सगळ्या आठवीच्या मुलांशी तुलना करून काढलेला नाही. गेल्या तीन वर्षांत हीच परीक्षा दिलेल्या तिच्याच इयत्तेच्या मुलांमधला आहे, आणि ती मुलं तयारी करूनच बसलेली असतात. त्यांच्यात ६१ म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांच्या पुढे.

रिपोर्टवर बरोबर, चूक आणि सोडलेले प्रश्न किती ते असतं. व्हर्बलचे आकडे द्याल का?

सईची_आई:
ऑक्टोबर: ४६ बरोबर, ६ चूक, ८ सोडलेले. डिसेंबर: ४३ बरोबर, १७ चूक, एकही सोडलेला नाही.

मंदार_बी:
मग कारण समोरच आहे. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, सोडलेल्याला काही नाही. ऑक्टोबरात ४६ मधून दीड गेला, उरले ४४.५. डिसेंबरात ४३ मधून सव्वाचार गेले, उरले ३८.७५. तिचं इंग्रजी कच्चं झालेलं नाही. कुणीतरी तिला "काही सोडू नकोस" असं सांगितलेलं दिसतंय. पाचपैकी दोन-तीन पर्याय खोडता आले तर अंदाज मारायला हरकत नाही, पण शब्दच ओळखीचा नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. गणित मात्र खरंच वाढलंय, ते लपवू नका.

अनघा_के:
अगं, मार्कांच्या नादात निबंध विसरू नकोस! २५ मिनिटांत लिहिलेला तो निबंध त्याच तारखेच्या रिपोर्टबरोबर शाळेत जातो. त्याला मार्क नसतात, पण अ‍ॅडमिशनवाले वाचतात. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या वेळी आम्ही न बघताच पाठवला. नंतर पैसे भरून प्रत मागवली तर शेवटचं वाक्य "आणि म्हणून मला" इथेच तुटलेलं. मला अजून वाईट वाटतं. तू आजच दोन्ही प्रती मागव.

दुसरं म्हणजे सरळ शाळांना विचार. काही ठिकाणी दोन रिपोर्ट मिळाले की प्रत्येक विषयाचा वरचा आकडा धरतात, काही ठिकाणी एकच बघतात. विचारलं म्हणून कुणी वाईट समजत नाही.

सईची_आई:
मंदारदादा, "काही सोडू नकोस" हे मीच सांगितलं होतं. पाव मार्काचं माहीत होतं, पण १७ चुका एकत्र बघितल्या नव्हत्या. काल तिला जवळ बसवून हा हिशोब दाखवला. तिने स्वतः पुन्हा वजाबाकी करून बघितली आणि म्हणाली, "म्हणजे मला शब्द येतात."

अनघा, दोन्ही निबंध मागवले. डिसेंबरचा पूर्ण आहे, खाडाखोड कमी. ऑक्टोबरचा शेवट घाईचा आहे, पण तिच्या आजोबांच्या रेडिओबद्दल तिने इतकं छान लिहिलंय की मी दोनदा वाचला.

शाळांनाही विचारलं. तिघींनी सांगितलं दोन्ही पाठवा, वरचे आकडे धरू. त्यांना दोन्ही गेले. चौथीने एकच मागितला, तिला डिसेंबरचा. पाचवीलाही एकच हवा होता, पण नववीत कुठलं गणित मिळणार हे त्या शाळेची स्वतःची चाचणी ठरवते. म्हणून तिथे ऑक्टोबरचा पाठवला, रेडिओसकट.