पल्प मासिकांतल्या कथा: तुमचे अनुभव लिहा

लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापली जायची म्हणून ती 'पल्प' मासिकं. १८९६ मध्ये फ्रँक मन्सीने 'द आर्गोसी' अशा कागदावर फक्त कथांसाठी काढलं. पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेत मंगळावरच्या लढाया, भयकथा, खुनांचे तपास असं सगळं या कागदावर आलं. तुम्ही काय वाचलंत? मनात काय राहिलं?

*

एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराची 'द कलर आउट ऑफ स्पेस', 'अमेझिंग स्टोरीज' मासिक, सप्टेंबर १९२७. एका शेतात विहिरीजवळ उल्का पडते. त्या वर्षी फळं कधी नव्हेत एवढी मोठी, चकचकीत धरतात आणि सगळी कडू निघतात. मग झाडं, गुरं, माणसं करडी पडून भुगा होऊ लागतात. आमची कोकणात बाग आहे, कलमं मोहरली की घरात दुसरा विषय नसतो. त्या कडू फळांपाशी माझ्या पोटात गोळा आला. भूत नाही, शाप नाही. नुसता एक रंग, ज्याला नाव देता येत नाही. आणि ते कुटुंब त्याच विहिरीचं पाणी पीत राहतं, जागा सोडत नाही! ते का सोडत नाहीत, हे मला फार आतून कळलं.

*

बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेय, त्यामुळे डॅशिल हॅमेट या अमेरिकन रहस्यकथाकाराकडे वळणं ओघानेच आलं. त्याची 'द माल्टीज फाल्कन' ही कादंबरी १९२९-३० मध्ये 'ब्लॅक मास्क' मासिकात क्रमशः आली. हॅमेट आधी पिंकर्टन संस्थेत गुप्तहेर होता; पाठलागाची वर्णनं वाचताना ते जाणवतं.

*

लव्हक्राफ्टबद्दल वर लिहिलंय ते मान्य. पण मी न्यू जर्सीत राहतो. त्याची 'द हॉरर ॲट रेड हुक' वाचून बघा. ब्रुकलिनमधल्या स्थलांतरितांबद्दल त्यात उघड किळस आहे. मला ती पूर्ण करवली नाही, आणि ही बाजू सांगितल्याशिवाय त्याची शिफारस करू नये असं मला ठामपणे वाटतं.

*

सी. एल. मूर वाचाच. इंडियानापोलिसच्या बँकेत नोकरी करत तिने 'शॅम्ब्लो' लिहिली. 'वीअर्ड टेल्स', नोव्हेंबर १९३३. वरकमाई बँकेला कळू नये म्हणून नावाची फक्त आद्याक्षरं दिली. मीही बँकेत आहे, रात्री जेवणं आटोपल्यावर लिहिते, म्हणून ती मला जवळची. हेन्री कटनर या लेखकाने 'मिस्टर मूर'ना कौतुकाचं पत्र धाडलं होतं. १९४० मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि पुढे बरंच लेखन दोघांनी जोडीने केलं.