लहान मुलाची ‘संमती’, ‘अनुमती’ की नुसता ‘होकार’?

विडीवालीची_नात: शाळकरी मुलांचं हिमोग्लोबिन तपासायचा एक अभ्यास सोलापुरात आहे, त्याचे फॉर्म मराठीत करतेय. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ वर्षांखाली पालकांची सही लागतेच, पण मुलालाही विचारायचं असतं: ७ ते १२ वयात तोंडी, त्यापुढे लेखी. पालक देतात ते कन्सेंट, मूल देतं ते असेंट. ‘संमती’ पालकांना देऊन बसले, आता मुलाला काय देऊ? ‘अनुमती’ लिहिलं तर एका सरांनी लाल रेघ मारली. म्हणाले, अनुमती थोरांनी द्यायची, लेकरांनी नाही. उद्या छापायला द्यायचंय.

ऱ्हस्वदीर्घ: सरांचं बरोबर आहे. अनुमती वरून खाली येते. ‘सहमती’ करा.

सातरस्ता: सहमती पक्षांची होते, जागावाटपात. नऊ वर्षांच्या पोराची कसली सहमती? ‘रुकार’ घ्या. आमची आजी सोयरिकीच्या बोलण्यात म्हणायची, ‘पोरीकडच्यांचा रुकार आला’.

पूर्वभाग_९२: आणि पोरीचा? तिला कोण विचारत होतं!

जुनी_कात्रणं: ‘संमती’ शब्दाचाही इतिहास आहे बरं का. १८९१ चा संमतिवयाचा कायदा. शरीरसंबंधाला मुलीचं संमतीचं वय १० वरून १२ केलं तर केवढं रान उठलं. टिळक म्हणाले सरकारनं यात पडू नये, आगरकर कायद्याच्या बाजूचे. त्याआधी रखमाबाईंचा खटला. अकराव्या वर्षी लग्न, आणि पुढं ‘नांदायला जाणार नाही’. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. तरी गेल्या नाहीत, आणि पुढं डॉक्टर झाल्या.

ऱ्हस्वदीर्घ: विषय फॉर्मचा आहे.

विडीवालीची_नात: विषय तोच आहे सर. गेल्या खेपेला एक मुलगी आली होती, तिसरीतली. आई मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवून आलेली, बोटांना तंबाखूचा वास, तिनं फटकन सही केली. पोरीनं दोन्ही हात फ्रॉकमागे लपवले आणि म्हणाली, ‘सही आईनं केली ना, मग तिलाच टोचा की!’ सगळे हसले. आणि टोचलंच. फॉर्मवर माझ्याच अक्षरात ‘मुलाचा होकार: आहे’.

सातरस्ता: 😐

पूर्वभाग_९२: ‘होकार’ शब्दाची हीच गोची. मथळ्यातच उत्तर छापलेलं. मूल ‘नको’ म्हणालं तर ते लिहायचं कुठं? आमच्या घरी तेलुगूत ‘ओप्पुकोलु’, शेजारी कन्नडमध्ये ‘ओप्पिगे’. मराठीतलं ‘ओपणे’ तिथूनच आलं असणार.

ऱ्हस्वदीर्घ: काहीतरीच! ओपणे हे अर्पण करण्यावरून, प्राकृतात ‘ओप्पेइ’. द्राविडी ‘ओप्पु’शी फक्त उच्चार जुळतो. आणि अर्थ बघा, ओपणे म्हणजे सोपवून मोकळं होणे, कबूल होणे नव्हे.

पूर्वभाग_९२: सोलापुरात तीन भाषा एका नळावर पाणी भरतात सर. कोणाची घागर कुठली ते प्राकृताला काय माहीत?

जुनी_कात्रणं: ‘कन्या ओपली’ म्हणायचेच की पूर्वी. म्हणजे पालकांच्या फॉर्मला ‘ओपणपत्र’ म्हणा, जास्त खरं होईल.

सातरस्ता: 😂 एक आगाऊ सूचना: मथळ्यात नाम नकोच. ‘तुझं काय म्हणणं?’ असं लिहा, खाली दोन चौकोन, ‘चालेल’ आणि ‘नको’. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं १२वं कलम मुलाच्या म्हणण्याबद्दलच आहे, आणि भारत १९९२ पासून त्यात आहे.

ऱ्हस्वदीर्घ: सरकारी कागदावर ‘तुझं’? निदान ‘तुमचे’.

सातरस्ता: तिसरीतल्या पोरीला अहोजाहो केलं तर ती मागं वळून बघेल, कुणाला म्हणताय म्हणून.

विडीवालीची_नात: दोन चौकोन घेते. आता आतल्या पानावर ‘चाइल्ड एजन्सी’ आहे, म्हणजे मुलानं आपलं आपण ठरवणं, त्याला काय म्हणू? इथं एजन्सी म्हटलं की लोक गॅसचं पुस्तक काढतात.

ऱ्हस्वदीर्घ: ‘कर्तृत्व’.

पूर्वभाग_९२: कर्तृत्व सत्कारात असतं. आणि ओपणेचं अजून संपलेलं नाही सर. ‘ओप’ म्हणजे झिलई, चकाकी, तो कुठून आला?

ऱ्हस्वदीर्घ: तो वेगळा शब्द. नवीन धागा काढा, सांगतो.