शिश्किन: मोठा चित्रकार की पानांचा हिशेबनीस?

कॅनव्हासवाला
मित्राने मॉस्कोहून चॉकलेटं आणली, रॅपरवर तीच ती अस्वलं, रशियन निसर्गचित्रकार शिश्किनचं 'पाइनच्या जंगलातली सकाळ', १८८९. तर आता बोलूनच टाकतो, इव्हान शिश्किन मला ओव्हररेटेड वाटतो. सालीचा पापुद्रा न् पापुद्रा, गवताची काडी न् काडी, सगळं बरोब्बर आणि बघून झालं की मनात काही म्हणजे काही उरत नाही. 'पानांचा हिशेबनीस' म्हणून चिडवायचे त्याला ते उगाच नाही. आणि अस्वलं तरी कुठे त्याची? ती साव्हित्स्की या दुसऱ्या चित्रकाराने काढलेली. सही दोघांची होती, चित्रसंग्राहक त्रेत्याकोव्हने चित्र घेतलं आणि साव्हित्स्कीची पुसून टाकली.

निवांत_नाना
अहो, सही पुसली त्रेत्याकोव्हने, त्यात शिश्किनचा काय दोष? अस्वलं ठेवा बाजूला, झाडं बघा. मधलं ते मोडून पडलेलं पाइन, मागे घळीतलं धुकं आणि त्यात निळसर होत होत विरत गेलेली झाडं. हे हिशेबनीसाचं काम? हा माणूस कामा नदीकाठच्या येलाबुगाचा, जंगल त्याच्या घराजवळचं. आपण नाही का लांबून नुसत्या चालीवरून ओळखतो, हा आपला काका म्हणून, तसं त्याचं झाडांशी.

कॅनव्हासवाला
नाना, ओळख मान्य, पण ओळखपरेड आणि चित्र यात फरक आहे की नाही? लेविटान या दुसऱ्या रशियन निसर्गचित्रकाराचं 'व्लादिमिरका' बघा, १८९२ चं. मोकळा रस्ता, कडेने पायवाटा, वर ढगाळ आभाळ, बास. सैबेरियाला कैदी याच रस्त्याने चालवत न्यायचे. एकही कैदी काढला नाहीये तरी पोटात गोळा येतो.

तिरकी_रेघ
गोळा येतो कारण कैद्यांची गोष्ट तुम्हाला आधीच माहितीये. मला न सांगता दाखवलं असतं तर म्हणाले असते, छान रस्ता आहे, पाऊस येईलसं दिसतंय.
आता शिश्किनचं 'राय' घ्या, १८७८. राय म्हणजे गव्हासारखं एक धान्य. पिकलेलं शेत, मधून गवत माजलेली गाडीवाट, वाटेवर अगदी जमिनीलगत उडणाऱ्या पाकोळ्या, मोठमोठी हिरवी पाइन आणि त्यांच्यात एक पार वाळून गेलेलं. एवढ्या भरल्या शेतात ते वाळकं झाड कशाला ठेवलं असेल? त्याचा मेव्हणा वासिल्येव, तोही लँडस्केपवालाच, १८७३ ला क्षयाने गेला, अवघा २३ वर्षांचा, आणि पुढच्याच वर्षी बायको गेली.

कॅनव्हासवाला
घ्या! आता तुम्ही पण गोष्टच सांगताय की. बायको गेली हे कळेपर्यंत ते नुसतं वाळकं झाडच होतं ना?

तिरकी_रेघ
हो, पण तिथे ते नुसतं झाड म्हणूनही नजर अडकवतं, मी कित्येक वर्षं काही माहीत नसताना त्याच्याकडेच बघत होते. गोष्ट नंतर कळली.

निवांत_नाना
आणि फिरून शेवटी येलाबुगाकडेच आला बघा. १८९८ मधलं ते, जहाजाच्या डोलकाठ्या करायच्या त्या उंच पाइनचं मोठं चित्र तिथल्याच जंगलावरून केलेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये पीटर्सबर्गला इझलपुढे काम करता करताच गेला.

कॅनव्हासवाला
बरं, 'राय' परत बघतो, मोठ्या स्क्रीनवर. अस्वलांबद्दल मत कायम.

तिरकी_रेघ
अस्वलांवरून आठवलं, रशियात लोक त्या चित्राला सर्रास 'तीन अस्वलं' म्हणतात. रॅपर टाकलं नसेल तर चित्र उघडून नीट मोजा, आई धरून चार आहेत.