समकालीन आफ्रिकी समाजांवरील परिषदेत सोलापूरच्या विडी कामगारांवरचा निबंध पाठवावा का?

प्रश्न (समाजशास्त्राची प्राध्यापिका, सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात शिकवते आणि शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार महिलांवर माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. समकालीन आफ्रिकी समाजांवर भरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेचे निवेदन माझ्या वाचनात आले. त्यात शहरांमधील असंघटित श्रम आणि स्त्रिया या विषयावर स्वतंत्र सत्र असून, आफ्रिकेबाहेरच्या समाजांशी तुलना करणारे निबंधही स्वीकारले जातील, असे म्हटले आहे. मी आफ्रिकेत कधी गेलेली नाही. जे काही माहीत आहे ते वाचनातून. अशा स्थितीत सारांश पाठवणे आगाऊपणाचे ठरेल का? माझ्या मार्गदर्शकांच्या मते ‘भारत आणि आफ्रिका’ असा व्यापक विषय घ्यावा. मला मात्र तो हाताबाहेर जाईल असे वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ (आफ्रिका अभ्यासाचा माजी विद्यार्थी, मुंबई)

मॅडम, निबंध जरूर पाठवा, पण आपली शंका रास्त आहे. आफ्रिकी संघाचे 55 सदस्य आहेत. त्या सगळ्यांना एका शब्दात कोंबून भारतासमोर उभे केले, तर सत्रातला पहिलाच प्रश्न ‘कोणती आफ्रिका?’ असा येईल. एक शहर निवडा. माझा आग्रह घानाच्या अक्रा शहरासाठी आहे. 1960च्या दशकात कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या निमा वस्तीत, उत्तर घानातून आलेल्या फ्राफ्रा स्थलांतरितांमध्ये राहून अभ्यास केला. सरकारी हिशेबात ज्यांना काम नव्हते, ती माणसे प्रत्यक्षात दोन-दोन, तीन-तीन उद्योग करून पोट भरत होती, हे त्याने दाखवले. ही मांडणी त्याने 1971 मध्ये एका परिषदेत केली आणि 1973 मध्ये ती छापून आली. दरम्यान 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियावरील अहवालाने तोच विचार धोरणकर्त्यांपुढे ठेवला. आपण आज विडी कामगारांविषयी ज्या चौकटीत विचार करतो, तिची पायाभरणी अशी अक्रा आणि नैरोबीत झाली आहे. म्हणून सोलापूरचा अनुभव घेऊन त्या चर्चेत जाणे हा आगाऊपणा मुळीच नाही.

मात्र साम्यावर थांबू नका. निमातला फेरीवाला बहुधा स्वतःच्या जोखमीवर धंदा करतो. आपल्याकडची बाई कारखान्यातून मोजून पान-तंबाखू आणते, घरी उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, त्या परत नेऊन देते, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे तिला मिळत नाहीत. ती मालकाचीच कामगार आहे, फक्त कारखान्याचे छप्पर तिच्या डोक्यावर नाही. 1966च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, ही बाब तर अवश्य मांडा. असंघटित म्हणवल्या जाणाऱ्या कामाला कायद्याची ओळख मिळाल्यावर काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आपण प्रत्यक्ष पाहिलेले आहे आणि तेच आपल्या निबंधाचे बळ ठरेल.

प्रतिसाद २ (सूत व टॉवेल व्यवसायातील, सोलापूर)

मी अभ्यासक नाही, पण कापडाच्या बाजारामुळे आफ्रिकेकडे लक्ष ठेवावे लागते. मला अक्रापेक्षा उत्तर नायजेरियातील कडुना सोलापूरला जवळचे वाटते. तिथली मोठी कापड गिरणी 1957 मध्ये सुरू झाली आणि 2002 मध्ये बंद पडली. 2007 मध्ये आणखी एका मोठ्या गिरणीला टाळे लागले. विजेचे हाल आणि बाहेरून चोरट्या मार्गाने येणारे स्वस्त कापड ही त्यामागची मोठी कारणे होती. गिरणी गेल्यावर घर कोणी सावरले, हा प्रश्न सोलापूरकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इथे कित्येक घरांत चूल विडीवरच पेटती राहिली.

दुसरे असे की, जुन्या कपड्यांचा व्यापार लक्षात घ्यावा. रवांडाने 2016 मध्ये स्थानिक कापड उद्योगासाठी वापरलेल्या कपड्यांवरील आयात शुल्क बरेच वाढवले, तेव्हा 2018 मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या तयार कपड्यांना मिळणारी शुल्कमाफी स्थगित केली. लहान देशाने आपला माग वाचवायला जावे आणि त्याची अशी किंमत मोजावी लागावी, याचा मला मनापासून राग येतो.

प्रतिसाद ३ (निवृत्त प्राध्यापक)

दोन्ही सूचना चांगल्या आहेत, पण एका निबंधात दोन्ही मावणार नाहीत. सादरीकरणाला पंधरा-वीस मिनिटे मिळाली तर पुष्कळ. प्रा. मॅडमनी निवड करावी. संदर्भ घेताना केवळ युरोप-अमेरिकेतील विद्वानांवर विसंबू नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. सेनेगलच्या डकार येथे 1973 मध्ये ‘कोडेस्रिया’ ही आफ्रिकेतील सामाजिक विज्ञानांच्या संशोधकांची संस्था स्थापन झाली. समीर अमीन आणि पुढे थंडिका म्कंडावीरे यांनी तिची धुरा वाहिली. आपल्या समाजाचे प्रश्न आपणच मांडायचे, हा त्यांचा आग्रह आपणा सर्वांनाच जवळचा आहे.

प्रवासखर्चासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अनुदानाची चौकशी आधीच करावी आणि नोंदणी शुल्कातील सवलतीविषयी आयोजकांना सरळ विचारावे. सत्राच्या संयोजकांना एक छोटे पत्र लिहून विषय बसतो का, हेही विचारता येते. त्यात संकोचाचे कारण नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. मी कडुना घेते, कारण गिरणी बंद पडल्यानंतरची घरे मला माझ्या मुलाखतींमधून मांडता येतील. कुंभारीला विडी कामगार महिलांनी सहकारातून उभारलेल्या दहा हजार घरांची वसाहतही त्यातच येईल. हक्काचे घर मिळाल्यावर घरात चालणाऱ्या कामाचे स्वरूप कसे बदलले, हे सांगण्यासारखे आहे. सारांशाचा मसुदा तयार झाला की इथेच देते. तोवर कडुनातील कामगारांच्या कुटुंबांवरील लेखन कोणाच्या संग्रही असल्यास कृपया कळवावे.