अनुभव धागा: जुन्या हॉट हॅचचे ब्रेक, खिशाला झेपतील असे

सहावा_गिअर

हॉट हॅच म्हणजे छोटी पण दमदार इंजिनाची हॅचबॅक: पोलो जीटी टीएसआय, पालिओ १.६, पहिली स्विफ्ट, पुंटो. इंजिन अजून ठणठणीत, पण ब्रेकचं पेडल लुसलुशीत झालेलं, अशा गाड्या सेकंड हँडमध्ये भरपूर फिरतायत. ब्रेकवर कशाने फरक पडतो आणि कुठे पैसे पाण्यात जातात, ते इथे नेमकं लिहा. मापं, ऑइलचा ग्रेड, काय बिघडतं आणि का बिघडतं. गाडी कशी पटवली, घरचे काय म्हणाले, त्याला वेगळा धागा काढू.

सुरुवात मी करतो. करकचून ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थडथडतंय ना? मग चाक अडवायची ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आहे, थांबायचं अंतर टायर ठरवतोय. मोठी डिस्क लावून ते कमी होणार नाही. आधी टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर कडक झालं असेल तर पहिला खर्च तिथे.

ब्रेक सुधारायचे ते सलग मारल्यावरही टिकावेत म्हणून. हिशोब करा: १२०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबली की सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता तयार होते. लोणावळा ते खोपोली उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. तो नुसत्या ब्रेकवर उतरलात तर वारा आणि घर्षण सोडून हिशोब जातो ६५ लाख ज्यूलच्या आसपास, म्हणजे तसे चौदा स्टॉप एकामागून एक. त्यामुळे सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे गिअर. डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर दांडा मॅन्युअलला घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्यात उतरा.

घाटउतार

आधी रोग ओळखा. घाटात पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर डिस्कला पकडणारे पॅड तापून घसरतायत. आणि थंड गाडीतही पहिल्या दाबाला पेडल खोल, दुसऱ्याला वर येत असेल तर बहुधा मागच्या ड्रममधले शू सैल आहेत. तिन्हींचे उपाय वेगळे. गॅरेजवाले मात्र तिन्हीला सरसकट ‘पॅड बदला’ म्हणतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट हा ऑइलचा ग्रेड. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरा असताना २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ‘मुरल्यावर’ म्हणजे ३.७ टक्के पाणी. आपल्या पावसात दोन वर्षं हीच हद्द धरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे, ५.१ समजून ते ओतू नका.

एक लिटर सीलबंद डॉट ४ पुरतं, स्वस्तात काम होतं. काही गाड्यांत क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो, त्याचाही निपल (ऑइल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सोडायला विसरू नका. अर्धवट वापरून पडलेली जुनी बाटली वापरू नका, तिने पाणी आधीच प्यायलेलं असतं.

काम असं. टाकीतलं काळं ऑइल सिरिंजने खेचून घ्या आणि नवीन भरा. मग निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरी सोडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. नवीन रंग दिसेपर्यंत. क्रम सर्वसाधारणपणे लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एबीएसवाल्या काही गाड्यांत मॅन्युअल पुढून सुरुवात सांगतं, तिथे मॅन्युअलचं ऐका.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, टाकी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरते. मग स्कॅनर लावून पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही, म्हणून दर सात-आठ दाबांनी टाकीत बघा. दुसरी, निपल गंजलेला असतो आणि चपटा पाना लावला की कोपरे झिजतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रिंग पानाच वापरा.

तिसरी फारशी कुणी सांगत नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणारा भाग) रोजच्या वापरातला भाग गुळगुळीत असतो, पुढचा भाग गंजाने खरखरीत. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्या खरखरीत भागावरून जातं आणि फाटतं. चार दिवसांनी पेडल हळूहळू खाली जायला लागतं आणि दोष नव्या ऑइलवर येतो. पेडलखाली दीड-दोन इंची लाकडाचा ठोकळा ठेवा.

ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

लेथवाला

पॅडच्या पाठीवर बऱ्याचदा एफएफ, जीजी असा दोन अक्षरी कोड असतो. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, घाटासाठी नको. रस्त्यावरच्या हॅचला एफएफ किंवा जीजी भरपूर. ट्रॅकचा पॅड लावायचा मोह टाळा. तो गरम झाल्याशिवाय पकडत नाही, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर रिक्षा आडवी येते तेव्हा तो थंडच असतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. पोलोच्या पुढच्या २५६ मिमी डिस्कची नवी जाडी २२, किमान १९. साध्या व्हर्नियरने कडेचा ओठ मोजला जातो आणि माप फसतं. मायक्रोमीटर लावा, किंवा दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. २० च्या खाली आली असेल तर लेथवर फिरवून पैसे घालवू नका, नवीन जोडी घ्या. साधी, आतून हवा खेळणारी, चांगल्या कंपनीची. भोकं पाडलेली स्वस्त डिस्क भोकांच्या कडेने तडकते. चरे पाडलेली चालते, पण आवाज करते आणि पॅड लवकर खाते.

‘डिस्क वाकली’ म्हणतात तेव्हा ती सहसा वाकलेली नसते. घाट उतरून टोल नाक्यावर तापल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एका जागी छापला जातो. पुढच्या खेपेला स्टिअरिंग थरथरतं. रांग सपाट जागी असेल तर पाय उचला आणि गाडी थोडी थोडी पुढे सरकू द्या.

नवी डिस्क बसवताना हबचा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाची पापडी राहिली तर डिस्क डुलते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर सुरू होते. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने धुवा. कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) होजवर, म्हणजे ऑइलच्या नळीवर, लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे ढकलताना निपल सोडून ढकला, म्हणजे तळाचा गाळ बाहेर जातो, एबीएसमध्ये नाही. मग निपल बंद करा आणि टाकीची पातळी बघा. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीसच. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि आतला पॅड संपतो तरी बाहेरचा नवाच राहतो. सगळं बसल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करा, पहिला दाब पोकळ जातो.

पॅड बसवून घ्यायचे म्हणजे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट सोडून, पूर्ण न थांबता. नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा थोडा वास येतो, घाबरू नका.

मागचा_ड्रम

मागे ड्रम म्हणून नाक मुरडू नका. हॅच नाकाने जड, ब्रेक मारल्यावर वजन आणखी पुढे जातं, मागच्या चाकांना काम थोडंच उरतं. पण ड्रम सैल असेल तर पेडलचा अर्धा प्रवास शू ड्रमपर्यंत पोचण्यातच जातो. पोलोत शूमध्ये पाचर आणि स्प्रिंग असते, शू झिजले की पाचर खाली सरकते. धुळीने ती अडकते. ड्रम निघत नसेल तर हातोडा नको. चाकाच्या बोल्टच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून पाचर वर ढकला, शू आत येतात. ब्रेक क्लीनरने धूळ ओली करूनच काढा. फुंकू नका, एअर गन तर नकोच, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. शू ज्या पत्र्यावर घासतात तिथल्या टेकू-ठिपक्यांना उष्णतेला टिकणारं ग्रीस अगदी नावापुरतं लावा. सगळं जोडून पेडल पाच-सहा वेळा दाबा, पाचर बसते. हँडब्रेकची केबल शेवटी. आधी ती ताणली तर शू कधीच नीट बसत नाहीत.

खारं_वारं

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाड्यांसाठी: पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

चाक जाम वाटलं तर निपल सोडून बघा. दाबासकट ऑइल उडून चाक मोकळं झालं तर कॅलिपर बहुधा निर्दोष, रबरी होज आतून सुजलेला असतो. मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा पिन. या एका चाचणीने पूर्ण कॅलिपरचे पैसे वाचतात. स्टीलची जाळीवाली होज छान दिसते, पण दहा वर्षांच्या रबरी होजच्या जागी नवी रबरी लावली तरी पेडलमधला बराचसा फरक तिथेच मिळतो. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर मात्र दर वेळी नवे.

श्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत अजून फोक्सवॅगन गोल्फ मार्क २ जीटीआय रोजच्या वापरात दिसतात. तिथे स्वस्त सुधारणा ठरलेली आहे. आठ व्हॉल्व्हवालीच्या पुढे २३९ मिमीची हवादार डिस्क असते. त्याजागी १६ व्हॉल्व्हवालीची २५६ ची डिस्क आणि तिचे कॅलिपर ब्रॅकेट बसतात. भंगारवाल्याकडून घेताना ब्रॅकेट, कॅलिपर आणि पॅड एकाच गाडीचे घ्या, दोन कंपन्यांचे भाग एकमेकांत बसत नाहीत. जी६० ची २८० ची डिस्क लावायची तर अख्खा नकल (चाकाचा हब आणि कॅलिपर धरणारा भाग) बदलावा लागतो आणि १५ इंची चाक लागतं. इथून ते ‘स्वस्त’ राहत नाही.

मागचे लोखंडी कॅलिपर हँडब्रेकच्या दांड्यापाशी गंजून अडकतात. मार्क ४ चे ॲल्युमिनियमचे लावतात, हलके आणि कमी अडकणारे, पण होजचं टोक वेगळं असल्याने होजही बदलते. मागचा पिस्टन ढकलून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. सी क्लॅम्पने दाबलात तर आतली हँडब्रेकची यंत्रणा गेली. आणि इकडे ब्रेक बदलले की ट्युफ या गाडी तपासणाऱ्या संस्थेकडून कागदावर नोंद करून घ्यावी लागते.

नवखा_जीटी

माहिती भारी. पण २८८ मिमीची डिस्क पोलोला लावायचीच असेल तर?

सहावा_गिअर

परदेशातल्या ताकदवान पोलोंवर २८८ बाय २५ असते, त्यामुळे कल्पना वेडगळ नाही. पिस्टन ५४ मिमीचाच राहिला तर पेडलचा प्रवास बदलत नाही आणि पकड त्रिज्येच्या प्रमाणात, अंदाजे १२ ते १५ टक्के, वाढते. ५७ चा पिस्टन घेतलात तर क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढतं, पण पेडलही तितकंच जास्त खोल जातं. शिवाय सगळी वाढ पुढेच झाली की मागचे ब्रेक आणखी रिकामे बसतात.

विकत घ्यायच्या आधी पुठ्ठ्यावर डिस्क आणि कॅलिपरचं माप कापा, १५ इंची चाकात आतून फिरवून बघा, सगळीकडे तीन मिलिमीटर तरी मोकळे हवेत. आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन लोक विसरतात, पहिल्याच फेरीत कॅलिपर ते खरवडतो. नकलवरची कॅलिपरची बैठक दोन्ही गाड्यांची जुळते का, ते दोन्ही भाग शेजारी ठेवूनच ठरवा. विकणाऱ्याच्या ‘बोल्ट-ऑन’ या शब्दावर नको. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला, पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांवरचं) आणि विमा कंपनी, दोन्ही आधी विचारात घ्या.

घाटउतार

नवखा, त्याआधी एक करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय दाबून धरा आणि मग इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग), त्याचा पाइप किंवा त्यातला वन-वे व्हॉल्व्ह बघा. तो पाइप फुटका असेल तर २८८ काय आणि ३१२ काय.

नवखा_जीटी

नाही गेलं खाली. पाइप काढून बघतो.