मदत हवी आहे : प्लेअरच्या एफएम ट्रान्समीटरची रेंज देवघरापर्यंत न्यायचीय

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, लोकमान्य नगरला राहतो. एक जुना एमपी३ प्लेअर आहे, आत एफएम ट्रान्समीटर (प्लेअरमधली गाणी जवळच्या रेडिओवर ऐकवतो तो), प्लेअरमध्ये आजीसाठी अभंग नि नाट्यगीतं भरलीयत, कारण तिला मोबाईल नको, तिचा रेडिओच हवा आणि तो घेऊन ती देवघर, स्वयंपाकघर सगळीकडे फिरते. पण हॉलपासून तीन-चार मीटर गेली की नुसती खरखर. ९८.३ च्या आसपास तर रेडिओ मिर्ची स्टेशनच दाबून टाकतं, म्हणून रिकामी फ्रिक्वेन्सी शोधून लावलंय.

खोलून बघितलं, अँटेना म्हणजे बोर्डावरची बारीक तांब्याची रेघ. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर, म्हणजे पाव भाग (अँटेनाची नेहमीची लांबी) ७५ सेंमी, तेवढी वायर तिथे सोल्डर केली तर चालेल का, की फ्रिक्वेन्सी सरकेल? मधे छोटा कपॅसिटर टाकू का? चार्जर लावला की आवाज जरा साफ येतो, मला वाटतं केबलच ग्राउंडचं काम करते.

अँप्लिफायर नकोय, शेजारच्या काकूंच्या रेडिओत घुसायचं नाही आणि बिना लायसन्स ते चालतही नाही. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, कार्तिकी एकादशीच्या आत करायचंय.